उघडायची तारीख

पट्टी लावण्यापूर्वी सिस्टर ती दोन तळहातांत धरून उभ्या राहत. हात छातीशी, बोटे जुळलेली, डोळे मिटलेले आणि ओठ किंचित हलणारे. पाहणाऱ्याला वाटे, प्रार्थना चालली आहे. आमच्या शेजारच्या गुप्ताजींनी हे दृश्य प्रथम पाहिले तेव्हा ते दारातच कमरेत वाकले आणि म्हणाले, "नमस्ते बहनजी, नमस्ते."

सिस्टरांनी डोळे न उघडता उत्तर दिले, "साठ तक गिनने दीजिए, भाईसाहब. पट्टी गरम हो रही है."

वस्तुस्थिती एवढीच होती की त्या जातीची चिकट पट्टी तळहातांच्या उबेने मऊ होते आणि मग कातडीवर सुरकुती न पडता बसते. पण गुप्ताजींनी हे स्पष्टीकरण शेवटपर्यंत स्वीकारले नाही. सिस्टर मंत्र घालून पट्टी लावतात, अशी वार्ता त्यांनी तीन टॉवरांत पोहोचवली. दुसऱ्या दिवशी एक बाई आपल्या कुंडीतल्या आजारी तुळशीसाठी पट्टी मागायला आल्या.

आमची सोसायटी नोएडात आहे. मी पुण्याच्या एका शाळेत चौतीस वर्षे भूमिती शिकवली आणि निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमागोमाग पत्नीसह येथे आलो. सिस्टर मूळच्या मिरजेच्या. यजमानांच्या केंद्र सरकारच्या नोकरीमुळे तरुणपणीच दिल्लीत आल्या आणि एका सरकारी रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत त्यांनी उभे आयुष्य काढले. यजमान गेले, नोकरी संपली, तरी पट्ट्या संपल्या नाहीत. नाताळात त्यांच्याकडून करंज्या येत आणि दिवाळीत आमच्याकडून केक जाई. हा क्रम कोणी आणि कधी उलटा केला, हे कोणालाच आठवत नव्हते. त्यांना नावाने हाक मारणारे सोसायटीत कोणी उरले नव्हते. भाजीवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सर्वांच्या त्या सिस्टरच होत्या, म्हणून येथेही त्या सिस्टरच राहतील.

लिफ्टमध्ये त्या कोणाच्या चेहऱ्याकडे प्रथम पाहत नसत. आधी पाय, मग हात, आणि वेळ उरला तर चेहरा. एकदा सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरले. त्यांना अकराव्यावर उतरायचे होते.

"अंगूठे पर क्या बाँधा है?"

"रुमाल."

"कल का?"

"जी, परसों का."

अकराव्या मजल्यावर दार उघडले आणि मिटले, पण सेक्रेटरी उतरले नाहीत. ते निमूटपणे सिस्टरांबरोबर चौदाव्यावर गेले आणि अंगठ्याला पांढरीशुभ्र टोपी घालून परत आले. पुढे महिनाभर सभेत ते मुद्दा मांडताना तोच अंगठा वर करीत.

आता माझ्या पायाकडे येऊ, कारण या बाईंची खरी ओळख मला तेथून झाली.

पुण्याच्या माणसाला दिल्लीची थंडी लवकर कळते. हीटर मात्र कळत नाही. डिसेंबरच्या एका दुपारी मी हीटरच्या लाल सळ्यांपुढे पाय पसरून शब्दकोडे सोडवीत बसलो होतो. आत हिला वास आला.

"अहो, काहीतरी जळतंय!"

"शेजारी पापड भाजत असतील," मी शांतपणे म्हणालो.

पापड नव्हता. माझा उजवा मोजा होता, आणि मोज्यात मी होतो. वीस वर्षांच्या मधुमेहाने पायांची जाणीव किती बोथट केली होती, हे त्या क्षणापर्यंत मला ठाऊकच नव्हते. करंगळीच्या मागची बाहेरची कड चांगली खोलवर भाजली होती आणि मला साधा चटकाही बसला नव्हता. सिस्टर नंतर म्हणाल्या, "सर, पाय तुमचेच आहेत. फक्त त्यांनी बातम्या देणं बंद केलंय."

डॉक्टरांनी जखम साफ केली, साखरेची औषधे वाढवली आणि सरळ सांगितले, "छह हफ्ते देखते हैं. नहीं भरा और हड्डी तक पहुँचा, तो छोटी उँगली के बारे में सोचना पड़ेगा."

मी हसून म्हणालो की पाच आणि चार यांत फरक एकाचाच असतो. गाडीत बसताना मात्र मी पाय असा सांभाळून उचलून ठेवला, जणू ती करंगळी उसनी आणली होती.

त्याच संध्याकाळी सिस्टर आल्या. हातात बिस्किटांचा निळा गोल डबा. त्यात बिस्किटे नसतात हे सोसायटीत सर्वांना माहीत होते, तरी प्रत्येक नवा माणूस एकदा तरी झाकण उघडण्यासाठी हात पुढे करी. त्यांनी हात धुतले (यालाही साठपर्यंत आकडे), पायाखाली स्वच्छ कापड पसरले, आणि थबकल्या. दवाखान्यातून आल्यावर हिने पट्टी सोडून जखमेवर हळद आणि तूप लावले होते.

"काकू, हे काय?"

"आमच्याकडे पूर्वीपासून लावतात हो. हळद चांगली असते."

"बिल्कुल चांगली असते. भाजीत घाला. इथे घातली की मला जखमेचा रंगच दिसत नाही. लाल आहे, पिवळी आहे की काळी, हे मी बघू कशात? सगळीच पिवळीधमक! पिठलं दिसतंय नुसतं."

ती हळद धुऊन काढायला त्यांना अर्धा तास लागला. खारट पाण्याची धार धरताना त्या मला शिकवत होत्या; आणि सांगतो, चौतीस वर्षे शिकवल्यानंतर शिकण्याची पाळी आली की माणूस फार वाईट विद्यार्थी होतो.

त्यांचे सूत्र तीन वाक्यांचे होते. "कोरड्या जखमेला ओल द्या. ओल्या जखमेला स्पंज द्या. भरत आलेल्या जखमेला एकांत द्या." डब्यातली प्रत्येक वस्तू या तीन वाक्यांपैकी एकाखाली बसे. जेथे कोरडी, मेलेली कातडी घट्ट धरून बसली होती तेथे त्या पारदर्शक जेल लावत, म्हणजे ती मऊ होऊन सुटे. जखम पाझरू लागली की स्पंजासारखी फोमची पट्टी. कातडी नाजूक असेल तर खाली न चिकटणारी जाळी. एकच पट्टी सर्व जखमांना लावणाऱ्या माणसाबद्दल त्यांचे मत मी येथे लिहू शकत नाही. ते हिंदीत होते.

आमची सून दिल्लीतच वाढलेली. मी एकदा म्हणालो, "आता खपली धरली की झालं."

"बाबा, खपली म्हणजे?" तिने विचारले.

"तिला माहीत नाही ना? अच्छा आहे," सिस्टर म्हणाल्या. "मी ती धरूच देत नाही. जखम वाळून टणक झाली की तुम्ही खूश होता, सर. पण नव्या कातडीला त्या दगडाखालून वाट काढावी लागते. थोडी ओल असली की ती कशी सरसर सरकत येते."

सुटलेली पट्टी त्या नाकाजवळ नेत आणि आंबा निवडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गांभीर्याने वास घेत. निकाल लगेच लागे. "वास नाही. पाझर कमी. चलो, पास." किंवा, "हं. एटीकेटी." नवी पट्टी बसली की तिच्या कोपऱ्यावर मार्करने एक तारीख लिहीत. मी पहिल्याच दिवशी चूक दाखवली, की आजची तारीख ही नव्हे.

"आजची नाहीच ती. लावायची तारीख हॉस्पिटलसाठी असते. घरी मी उघडायची तारीख लिहिते. वास आला, ताप आला, ओल कडेपर्यंत आली, लाली वर सरकली, तर कधीही फोन करा, मी चपलांशिवाय येईन. नुसती उत्सुकता आली तर फोन करू नका. आणि उघडू तर अजिबात नका."

मग पट्टीवरून सुरू होऊन शेजारच्या कातडीवर संपणारी एक लहानशी रेघ त्या ओढत. ती कशासाठी, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. शिक्षकाला झाकलेली वही सहन होत नाही. मुलगा वहीवर हात ठेवून बसला की तो हात बाजूला करणे हे मी कर्तव्य मानत आलो. आणि येथे माझ्याच पायावर एक पट्टी होती, तिच्याखाली काहीतरी चालले होते, माझी करंगळी राहणार की जाणार हे ठरत होते, आणि मला मात्र तीन-तीन दिवस काही कळत नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात, ही देवळात गेली असताना, मी पट्टीचा कोपरा उचलला. दोन दिवसांनी पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा ती पूर्णच निघाली.

निघाल्यावर त्या रेघेचा अर्थ ध्यानात आला. पट्टी हलली की अर्धी रेघ इकडे आणि अर्धी तिकडे होणार. पण सिस्टरांचा प्रतिस्पर्धी कोण होता? भूमितीचा शिक्षक! मी कंपासपेटी काढली. पट्टी पूर्वीच्या खुणेवर ठेवली, गुण्या टेकवला, आणि कोनात जो किंचित फरक राहिला होता तो मार्करने रेघ पुन्हा गिरवून नाहीसा केला. काम इतके चोख झाले की ते कोणाला तरी दाखवावे असे मला वाटत होते.

ठरलेल्या तारखेला सिस्टर आल्या, खाली बसल्या आणि पायाकडे पाहतच राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढला.

"सर, किती वेळा उघडली?"

"उघडली? छे! रेघ पाहा की."

"तीच तर बघतेय! माझी रेघ जन्मात इतकी सरळ आली नाही!"

ही आणि सून स्वयंपाकघरातून धावत आल्या, गुप्ताजी त्यांच्या दारातून आले, आणि मी चौघांसमोर गुन्हेगारासारखा एक पाय वर करून बसलो. "मास्टरजी नकल करते पकड़े गए!" गुप्ताजींनी जाहीर केले. त्या दिवशी तीन टॉवरांना मंत्राहून मोठी बातमी मिळाली.

पण पट्टी निघाली तेव्हा सिस्टरांचे हसणे थांबले. पट्टीच्या आतल्या बाजूला पातळ, गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखे काहीतरी चिकटले होते.

"ही नवी कातडी होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कडेकडेनं येत होती बिचारी. तुम्ही बघायला गेलात आणि ती पट्टीबरोबर निघाली. आठ दिवस मागे गेलो, सर. सहा आठवड्यांतले आठ दिवस."

आयुष्यात पहिल्यांदा मी नापास झालो होतो आणि तोही पायाने.

मग डब्यातून त्यांनी दुपदरी स्वच्छ प्लास्टिक काढले, जखमेवर अलगद ठेवले आणि वरून मार्करने तिची कड गिरवली. जखमेला टेकलेला खालचा पदर फेकला आणि वरचा माझ्या हातात दिला. त्यावर एक वेडावाकडा आकार होता. जणू एखाद्या बेटाचा नकाशा.

"तुम्हाला बघितल्याशिवाय राहवत नाही ना? मग हे बघा. याचं क्षेत्रफळ काढता येतं का?"

सद्गृहस्थहो, क्षेत्रफळ काढता येते का, असे त्यांनी मला विचारले! मी सुनेला चौकटींची वही आणायला पिटाळले. आकार वहीवर ठेवला. पूर्ण चौकटी मोजाव्यात. अर्ध्याहून अधिक व्यापलेली चौकट एक धरावी. अर्ध्याहून कमी असेल ती सोडून द्यावी. हा नियम मी हजारो मुलांना सांगितला होता, आणि माझ्या पायाला तो लागू पडेल असे कधी मनात आले नव्हते.

"तेवीस," मी म्हणालो.

"आता पट्टी तुम्ही उघडायची नाही. मी उघडेन आणि नकाशा देईन. मोजायचं काम तुमचं."

त्यानंतर आमच्या घरात एक विलक्षण हंगाम सुरू झाला. तेवीस. मग एकवीस. मग सतरा. सकाळी बागेत भेटणारे लोक "कैसे हैं?" असे न विचारता "कितने हुए?" असे विचारू लागले. सिस्टर दारात असतानाच मी वही उघडून, पेन्सिलीला टोक करून बसलेला असे. आमचे एकदा कडाक्याचे भांडणही झाले. माझे उत्तर चौदा होते. त्यांनी पंधरा मोजले.

"ही चौकट का सोडली?"

"अर्ध्याहून कमी आहे. नियम आहे."

"नियम तुमच्या वहीचा. तिथे अजून जखम आहे, सर. मी तिला सोडत नाही."

"सिस्टर, मग अर्ध्याहून अधिक असलेल्या आपण पूर्ण धरतोच आहोत की. सरासरीने हिशेब बरोबर येतो."

"जखमेला सरासरी कळत नाही."

मी वहीत चौदा लिहिले. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन समासात पंधरा लिहिले. माझ्या वहीच्या समासात दुसऱ्या कोणी लिहिण्याचा तो पहिला प्रसंग.

संक्रांतीला आमचे मराठी मंडळ दरवर्षी पानिपतला काला अंबच्या स्मारकाशी जाते. तेथे लढाईचा वृत्तांत सांगण्याचे काम माझ्याकडे असते. तो वृत्तांत चाळीस मिनिटांचा आहे. मंडळाच्या मते त्याहून बराच मोठा. त्या वर्षी चालायची बंदी होती, म्हणून सिस्टरांनी कोठून तरी चाकांची खुर्ची मिळवली आणि ढकलायला स्वतः आल्या. मी सैन्याच्या डाव्या फळीपाशी पोहोचलो नाही तोच मागून आवाज आला, "बस, सर. पाय फार वेळ खाली लोंबतोय. सूज येते."

सोळा मिनिटांत लढाई आटोपली. मंडळातल्या मुलांनी सिस्टरांना इतका तिळगूळ दिला की तो ओढणीत बांधून न्यावा लागला.

परत फिरताना त्यांनी खुर्चीमागून विचारले, "एक विचारू? इतकी माणसं जखमी झाली असतील. त्यांच्या जखमा कोण बांधत होतं?"

मी तोफांची संख्या सांगू शकलो असतो. कोण कोणत्या बाजूला उभे होते ते डोळे मिटून सांगू शकलो असतो. या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते, आणि तो प्रश्न मला कधी पडलाही नव्हता. "माहीत नाही," मी म्हणालो. "हं," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची खड्डा चुकवून जरा हळू नेऊ लागल्या.

जानेवारीच्या अखेरीस डॉक्टरांनी जखम पाहिली, मग माझी वही मागून घेतली आणि एकेक पान उलटले. "यह किसने बनाया?" मी सिस्टरांकडे बोट केले, सिस्टरांनी माझ्याकडे. वहीत त्या दिवशी सहा चौकटी होत्या. डॉक्टर म्हणाले, "उँगली आपकी हुई." घरी आल्यावर हिने त्या करंगळीला हळदकुंकू लावायची परवानगी मागितली. सिस्टर म्हणाल्या, "कुंकू चालेल. हळद नाही."

फेब्रुवारीत त्यांनी सांगितले की त्या मिरजेला परत चालल्या आहेत, कायमच्या. मुलगी तेथे स्थायिक झाली होती आणि आईने आता एकटे राहू नये असा तिचा हट्ट होता. आरक्षण झाले होते. "उघडी जखम सोडून जायची मला सवय नाही, सर. तेव्हा जरा लवकर भरा," असे त्यांनी मला बजावले, जणू ते माझ्या हातात होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शेवटचा नकाशा दिला. तांदळाच्या दाण्याएवढा आकार होता आणि तो दोन चौकटींच्या सीमेवर पडला होता. दोन्हीकडे अर्ध्याहून कमी.

"नियमाने शून्य," मी म्हणालो.

मी पेन्सिल त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. तेव्हा मीच शून्य लिहिले आणि समासात, माझ्या हाताने, एक लिहिले.

त्या हसल्या. मग उभ्या राहिल्या, डब्यातून पातळ चिकट पट्टी काढली, दोन तळहातांत धरली आणि डोळे मिटले. गुप्ताजी दारात उभे होते. ते या वेळी वाकले नाहीत, पण त्यांनीही डोळे मिटले होते. साठ आकडे झाले. पट्टी सुरकुती न पडता बसली. कोपऱ्यावर पुढच्या रविवारची तारीख आली आणि शेजारी रेघ. जाताना त्यांनी ओढणीच्या गाठीतून एक लहान गोल आरसा काढून दिला. "बघायची हौस आहे ना? मग रोज दोन्ही तळवे यात बघा. आणि हीटर खोलीच्या त्या टोकाला."

दुसऱ्या दिवशी त्या निजामुद्दीनहून गेल्या. सोमवार गेला, मंगळवार गेला. वास नव्हता, ताप नव्हता, ओल नव्हती. उत्सुकता मात्र भरपूर होती. कंपासपेटी टेबलावरच होती आणि तपासायला कोणी येणार नव्हते. गुरुवारी हीच म्हणाली, "बघा की जरासं, आता कुठे कोण आहे?" मी म्हणालो, "रविवार." हिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

रविवारी हात धुतले. साठ आकडे मोजले. शिकवल्याप्रमाणे पट्टी वर न ओढता कडेला ताणत, कातडीला समांतर, सावकाश सोडवली. खाली गुलाबी, चकचकीत, नवी कातडी होती. नकाशा गिरवायला काही उरले नव्हते.

मी फोन केला. मागे पातेल्यांचा आवाज येत होता.

"बंद झाली," मी म्हणालो.

"कधी उघडली?"

"आज."

"पास, सर," त्या म्हणाल्या. "चलो, कुकर लावलाय."

पट्टी मी फेकून दिली. तिच्यावर अर्धी रेघ होती. उरलेली अर्धी माझ्या पावलावर राहिली, पाऊण इंचभर, थरथरत गेलेली, मध्येच किंचित खाली उतरलेली. पुढे कित्येक दिवस आंघोळ करताना माझा साबण तिच्या अलीकडेच थांबत असे.